स्वादुपिंडातील खडे आणि मधुमेह

मधुमेही म्हटला की स्थूल देहाचा, बैठे काम करणारा, प्रौढ वयाचा गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु अंगाने हडकुळा, लहानपणापासून पोटदुखीने बेजार झालेला विशीतला तरुण मधुमेहाने आजारी पडावा, हे कसे? लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत संशोधन करताना डॉ. ईश भाटिया यांनी हा प्रश्न हाती घेतला.

जठराच्या मागे आडवे असलेले स्वादुपिंड दोन कामे करते. अन्नपचनासाठी ते तीव्र पाचकरस लहान आतड्यात सोडते. आणि त्यातील पेशींची चिमुकली बेटे इन्सुलिन निर्माण करून रक्तातील साखर आटोक्यात ठेवतात. ही बेटे १८६९ साली लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने प्रथम वर्णिली. प्रस्तुत रोगात स्वादुपिंडाच्या नलिकांत चुनखडीसारखे खडे साचतात, ग्रंथी हळूहळू सुकून तंतुमय होते आणि अखेर बेटांचाही नाश होतो.

१९५९ साली झुइडेमा यांनी इंडोनेशियातील अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. केरळात डॉ. गीवर्गीस यांनी असे पुष्कळ रुग्ण तपासले. त्यांचा ग्रंथ १९६८ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. रुग्ण बहुधा गरीब व कृश असत. केरळात टॅपिओका हे गरिबाचे अन्न होते, आणि त्याच्या कंदात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. साहजिकच दोष कुपोषणाकडे व टॅपिओकाकडे गेला. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'कुपोषणाशी निगडित मधुमेह' या वर्गातच या रोगाला स्थान दिले.

पण उत्तर प्रदेशात टॅपिओका नित्याच्या जेवणात नाही. तरीही तेथे हे रुग्ण आढळतातच. शिवाय पाचकरस आटल्यावर अन्नातील स्निग्धांश अंगी न लागता मलावाटे निघून जातो. मग कृशता हे रोगाचे कारण की त्याचे फळ? १९९९ साली संघटनेनेही कुपोषणाचा तो वर्ग काढून टाकला आणि या रोगाची गणना स्वादुपिंडाच्या विकारांत केली.

डॉ. भाटिया यांनी लखनौमधील सहकारी व जर्मनीतील शास्त्रज्ञ यांच्यासह २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आनुवंशिकतेचा धागा हाती लागला. ट्रिप्सिन हा पाचक पदार्थ आतड्यात जागा व्हावा, अशी निसर्गाची योजना आहे. तो स्वादुपिंडातच जागा झाला, तर आपल्याच घराला जाळू लागतो. त्याला आवर घालणारे एक प्रथिन 'स्पिंक-१' या जनुकावरून तयार होते. या जनुकातील एक विशिष्ट बदल सुमारे ४४ टक्के रुग्णांत आढळला. निरोगी लोकांत मात्र तो सुमारे २ टक्केच होता. त्याच वर्षी बांगलादेशातील रुग्णांच्या अभ्यासातूनही असाच संबंध पुढे आला.

यावरून हा बदल म्हणजे ललाटरेषा आहे, असे मात्र कोणी समजू नये. तो असलेल्या बहुसंख्य माणसांना रोग होत नाही, आणि रोग झालेल्या अनेकांत तो नसतो. बीजाबरोबर जमीनही पाहावी लागते. इतर जनुके व परिस्थिती यांचा वाटा अजून शोधला जात आहे.

या संशोधनाचे मोल कुटुंबाला कळते ते असे, की मुलाच्या दुबळेपणाचा दोष केवळ आईच्या स्वयंपाकघरावर येत नाही. मुलाच्या पोटात वारंवार कळा येत असतील, त्या पाठीकडे जात असतील, शौचास तेलकट होत असेल आणि वजन उतरत असेल, तर 'जंत झाले असतील' म्हणून दिवस घालवू नयेत. क्ष-किरणांच्या साध्या चित्रात किंवा सोनोग्राफीत पुष्कळदा हे खडे दिसून येतात. मधुमेह झालाच, तर बहुतेकांना इन्सुलिन लागते. पचनासाठी पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल देता येतात. या रोगात पुढे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, म्हणून वैद्यकीय देखरेख सोडू नये. सुकलेली ग्रंथी पूर्ववत होत नाही. परंतु वेळीच ओळख पटली, तर विशीतल्या त्या तरुणाला शिक्षण, नोकरी व संसार यांची उमेद बाळगता येते.