रँक हलत का नाही?

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत आलं, की संध्याकाळी दुकानांच्या पायऱ्यांवर मोबाईल आडवा धरून बसलेली चार-पाच पोरं हमखास दिसतात. मधेच एक आरोळी उठते आणि मग ठरलेली तक्रार सुरू होते. "लॉबीच बेकार मिळाली." "टीममेट नूब होते रे." "आठवडाभर रँक पुश करतोय, क्राउनच्या वर सरकतच नाही." लॉबी म्हणजे एका सामन्यात एकत्र आलेले खेळाडू, नूब म्हणजे कच्चा खेळाडू, क्राउन ही रँकची एक वरची पायरी. घरातली मोठी माणसं हे सगळं मोबाईलच्या वेडात जमा करून टाकतात. मला मात्र ही तक्रार गंभीरपणे घ्यावीशी वाटते. तिच्या पोटात संख्याशास्त्रातला एक अस्सल प्रश्न दडलेला आहे: माणसाचं कौशल्य आकड्यात कसं मांडायचं, आणि त्या आकड्यावरून बरोबरीचा प्रतिस्पर्धी कसा शोधायचा?

पहिलं पक्कं उत्तर बुद्धिबळानं दिलं. अर्पाद एलो हे जन्मानं हंगेरियन, अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतः चांगले बुद्धिबळपटू. त्यांची पद्धत अमेरिकी बुद्धिबळ महासंघानं १९६० मध्ये आणि 'फिडे' या जागतिक संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारली. एलोंच्या पद्धतीत गुणांकन हे मुळात भाकीत असतं. दोघांचे गुण सारखे असतील तर जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी. २०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूनं शंभर डावांत ७६ गुण मिळवावेत, ४०० चा असेल तर ९१ च्या आसपास. डाव संपला की भाकीत आणि निकाल यांतली तफावत पाहायची आणि त्या प्रमाणात आकडा सरकवायचा. नेहमीच्या हिशेबानं १५०० गुणांच्या खेळाडूनं १७०० च्या खेळाडूला हरवलं, तर त्याला सुमारे १५ गुण मिळतात. हरला तर जेमतेम ५ जातात. २०२५ च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीतल्या महिला विश्वचषकात पंधराव्या मानांकनानं उतरली आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून विजेती ठरली. आकड्यांनी तिची शक्यता कमी मानली होती, शून्य मानली नव्हती. आज ऑनलाइन खेळांत दिसणाऱ्या बहुतेक रँकिंगच्या मुळाशी हीच कल्पना किंवा तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आहेत.

आता या कल्पनेचा एक परिणाम नीट पाहा, कारण वैतागाचं पहिलं मूळ तिथं आहे. यंत्रणेनं तुम्हाला अगदी तोलामोलाचा प्रतिस्पर्धी दिला, म्हणजे तिचं काम चोख झालं, तर तुम्ही निम्मे सामने हरणार. तुमचा खेळ सुधारला की ती प्रतिस्पर्धीही तगडा देते आणि तुम्ही पुन्हा निम्मे हरता. सहा महिन्यांत तुमचा नेम सुधारला, नकाशा पाठ झाला, तरी जिंकण्या-हरण्याचं प्रमाण जिथल्या तिथं राहतं. प्रगती खरी असते, पण ती जाणवण्याची जागाच यंत्रणा काढून घेते.

निम्मे सामने हरणं म्हणजे एकाआड एक हरणं, असं आपल्या मनानं धरलेलं असतं. योगायोग तसा वागत नाही. बरोबरीचे शंभर सामने खेळलात, तर त्यांत कुठं तरी सलग पाच हारी लागण्याची शक्यता ८१ टक्के आहे. सलग सहा हारींची शक्यताही निम्म्याहून जास्त. कुणी काही कारस्थान केलेलं नसतं, नाणं उडवलं तरी असंच होतं. पण रात्री अकरा वाजता सहावा सामना हरलेल्या मुलाला हे पटवणं कठीण आहे. त्यातच मिळालेल्यापेक्षा गमावलेलं मनाला जास्त लागतं, हे मानसशास्त्रज्ञ डॅनिअल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं. जिंकून मिळालेले वीस गुण तो विसरतो, गेलेले वीस त्याला झोपू देत नाहीत.

पायरीवरची ही पोरं बहुतेक 'बीजीएमआय' हा शेवटपर्यंत टिकून राहण्याचा, बंदुकांचा मोबाईल खेळ खेळतात. तिथं हिशेब आणखी कडक होतो. शंभर खेळाडू, चौघांची एक तुकडी, म्हणजे पंचवीस तुकड्या. सगळ्या तंतोतंत बरोबरीच्या असल्या तरी 'चिकन डिनर', म्हणजे विजय, एकीलाच. न्याय्य वाटपात तुमच्या वाट्याला शंभरात चार विजय येतात. शिवाय हा निकाल चौघांचा मिळून असतो आणि त्यावरून यंत्रणेला एकेकट्याचं कौशल्य ओळखायचं असतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्ससाठी 'ट्रूस्किल' नावाची पद्धत बनवली, ती याच पेचासाठी. तिच्यात प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे असतात: एक कौशल्याचा अंदाज, दुसरा त्या अंदाजाबद्दलची अनिश्चितता. एकास एक खेळात साधारण १२ सामन्यांत ही पद्धत खेळाडूला ओळखू लागते. चार विरुद्ध चार असेल तर त्यासाठी सुमारे ४६ सामने लागतात. गर्दीत एकाचा आवाज ओळखायला वेळ लागतो, तसंच हे. म्हणून चार सामन्यांत वाट्याला आलेल्या 'नूब' टीममेटवरून लॉबीबद्दल काहीच सिद्ध होत नाही, आणि चार सामन्यांत ढासळलेल्या रँकवरून तुमच्याबद्दलही.

अष्टमीसारख्या ठिकाणी आणखी एक घटक येतो: पिंग, म्हणजे तुमच्या बोटाची हालचाल सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत येण्याचा वेळ. मुंबईपासून लांब राहतो म्हणून आपण हरतो, अशी अनेकांची समजूत असते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अष्टमी ते मुंबई शंभर-सव्वाशे किलोमीटर धरलं, तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंदही लागत नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल तर किमान चाळीसेक मिलिसेकंद लागतील. खरी गडबड शेवटच्या टप्प्यात होते. एका टॉवरवर संध्याकाळी सगळं गाव चढलेलं असतं, पावसाळ्यात वीज येत-जात असते, आणि पिंग ४० वरून २०० वर उडी मारून परत येतो. सरासरी पिंग बरा दिसतो, पण नेमक्या गोळी झाडायच्या क्षणी पडदा गोठतो. गुण मोजणाऱ्या सूत्राला फक्त निकाल कळतो. टॉवरचं ओझं ते त्या मुलाच्या कौशल्याच्या खात्यात मांडतं. ही तक्रार मला पूर्णपणे खरी वाटते.

आकडा खरोखर चुकू शकतो, याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा आपल्या घरातला आहे. करोनाच्या काळात बुद्धिबळाच्या समोरासमोरच्या स्पर्धा थांबल्या. पुणे, नागपूर, सांगली, चेन्नईची मुलं घरात बसून ऑनलाइन अखंड खेळत राहिली आणि झपाट्यानं सुधारली; फिडेचं गुणांकन मात्र होतं तिथंच राहिलं. स्पर्धा सुरू झाल्यावर १४०० गुणांचा बारा वर्षांचा मुलगा १८०० च्या ताकदीनं खेळू लागला. समोरचा खरोखरचा १८०० वाला त्याच्याशी हरला की एका डावात त्याचे सुमारे १८ गुण जात. तो वाईट खेळला नव्हता, त्याला दिलेलं भाकीत चुकीचं होतं. खुल्या स्पर्धांत अशी पाच-सहा मुलं एकामागून एक भेटली की वर्षानुवर्षांची कमाई आठवड्यात साफ. परदेशी खेळाडू भारतातल्या स्पर्धांना यायला कचरू लागले. ऑनलाइन खेळांत मुरलेले खेळाडू नवं खातं काढून नवख्यांत घुसतात, त्यांना 'स्मर्फ' म्हणतात. आपली मुलं प्रामाणिक होती, पण सूत्राच्या दृष्टीनं परिणाम तोच.

पुढं काय झालं ते महत्त्वाचं आहे. फिडेचं सूत्र, तक्ते आणि प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक डाव सगळ्यांसमोर असतो. त्यामुळे संख्याशास्त्रज्ञांना बिघाड मोजता आला, त्यावर जाहीर चर्चा झाली, आणि १ मार्च २०२४ ला दुरुस्ती लागू झाली. २००० च्या खालच्या प्रत्येकाला, तो २००० पासून जितका दूर त्याच्या चाळीस टक्के गुण एकदाच वाढवून मिळाले आणि गुणांकनाची तळरेषा १००० वरून १४०० वर आणली. १५०० चा खेळाडू एका दिवसात १७०० झाला. ही दुरुस्ती पुरेशी होती का यावर वाद घालता येतो, आणि तो घालता येतो हेच मला मोलाचं वाटतं.

मोबाईल खेळांत असा वाद घालायला जागाच नाही. बहुतेक खेळांत दोन आकडे चालतात. एक तुम्हाला दिसणारा, ब्राँझपासून कॉन्कररपर्यंतच्या झगमगत्या पायऱ्यांचा. दुसरा छुपा, ज्यावरून खरी जोडणी होते. 'व्हॅलोरंट' बनवणारी कंपनी असा छुपा आकडा असल्याचं स्वतःच सांगते. दिसणारी पायरी नव्या सीझनला खाली ढकलली जाते, म्हणजे तीच चढण पुन्हा चढा. बीजीएमआयमध्ये जास्त वेळ टिकून राहिल्याचेही गुण मिळतात, त्यामुळे पायरीत कौशल्याइतकीच तुम्ही ओतलेल्या तासांचीही मोजदाद असते. खालच्या पायऱ्यांवर बॉट, म्हणजे संगणकानं चालवलेले खेळाडू, मिसळलेले असतात. नवख्याला वाटतं आपण भारी खेळतोय; वर गेला की एकदम माणसं समोर येतात.

मग संशय येणारच, की कंपन्या जोड्या मुद्दाम अशा लावतात का? संशयाला थोडा आधार आहे. २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीतले आणि विद्यापीठांतले संशोधक यांनी मिळून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. बरोबरीची जोडी लावण्याऐवजी खेळाडू खेळ सोडून जाणार नाही अशी जोडी लावावी, हा त्याचा विषय. सलग हरलेला खेळाडू निघून जाण्याचा धोका जास्त, तेव्हा त्याला सोपा प्रतिस्पर्धी द्या, असा विचार गणितात मांडला होता. त्याच वर्षी ॲक्टिव्हिजनला एक पेटंट मिळालं: नवख्याला विकतची बंदूक घेतलेल्या तरबेज खेळाडूसमोर ठेवायचं, म्हणजे त्यालाही ती घ्यावीशी वाटेल. ही युक्ती कुठल्याच खेळात वापरलेली नाही, असं कंपनीनं सांगितलं. दुसरी बाजूही नोंदवायला हवी. याच कंपनीनं २०२४ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'तल्या चाचणीचे निष्कर्ष छापले. बरोबरीच्या जोडणीचा नियम सैल केला तेव्हा खेळाकडे परत येणारे कमी झाले, आणि ही घट सर्वांत वरचे थोडे खेळाडू सोडून बाकी सगळ्यांत दिसली. म्हणजे काही नामवंत खेळाडू ज्या नियमाला शिव्या घालतात, तोच सामान्य खेळाडूला सांभाळतो. पण मोजलं कंपनीनं, छापलं कंपनीनं आणि मूळ आकडे तिच्याच तिजोरीत आहेत.

जोड लावण्याचं काम उघड्यावरही होऊ शकतं. आपल्याकडं जत्रेच्या फडात कुस्तीच्या जोड्या लावायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. पंच आणि जुने वस्ताद पोराची उंची, मान, मांड्या बघतात, कुणाच्या तालमीतला ते विचारतात आणि जोड ठरवतात. चुका होतात, वशिलाही चालतो. पण जोड उघड्यावर लागते. विजोड दिसली की कडेनं बसलेले लोक ओरडतात आणि पंचांना बदलावी लागते.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्यानं बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. खेळ म्हणून मान्यता मिळते, तेव्हा खेळाडूला आपले गुण कसे मोजले हे विचारण्याचा हक्कही मिळायला हवा. यात तांत्रिक अडचण नाही. 'लिचेस' हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ २०१० पासून फुकट चालतं. त्याचा सगळा प्रोग्राम कुणीही उघडून वाचू शकतो. तिथं संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांची पद्धत वापरतात. त्यांनीही गुणांबरोबर अनिश्चितता मोजली. एखाद्यानं पुरेसे डाव खेळलेले नसतील तर त्याच्या गुणांपुढं प्रश्नचिन्ह दिसतं. क्राउनच्या बिल्ल्याशेजारीही तसं प्रश्नचिन्ह लावता येईल, आणि सामना संपल्यावर दोन ओळी दाखवता येतील: तुमची जिंकण्याची शक्यता इतकी धरली होती, सामन्यात तुमचा पिंग इतक्या वेळा उडाला. हे दोन्ही आकडे सर्व्हरला मोजता येतात.