पत्र्याखालची काचेची लोकर : तुर्भ्याच्या खोलीसाठी काय घ्यावे, कसे घ्यावे?



घाटावरच्या ऊसपट्ट्यात असे गाव विरळाच की ज्याचा कोणी भाऊ, पुतण्या, जावई तुर्भ्याला नाही. १९८१ साली कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून तिकडे हलला आणि १९९६ पर्यंत मसाला, दाणा, भाजी, फळे असे बाकीचे बाजारही एकेक करून गेले. त्यांच्याबरोबर सातारा, सांगली, पुणे भागातला माथाडी गेला. आपल्या कारखान्यांची साखरही त्याच बाजारात विकली जाते, म्हणजे पाठीवरचे पोते आपलेच आणि पाठही आपल्याच घरातली.

भाजीच्या गाड्या रात्री लागतात. रात्रभर राबलेला माणूस झोपतो ते दिवसा, आणि बऱ्याच वेळा पत्र्याखाली. खालचा मजला पक्का असला तरी वर वाढवलेली खोली पत्र्याचीच. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याला हात लावून पाहा म्हणजे झोप काय लागत असेल ते कळेल. म्हणूनच यंदा गटसभेत उसाच्या बिलाची चर्चा संपल्यावर दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न निघाला, "साहेब, पोराच्या खोलीला फायबर लावतो म्हणतोय, लावू का?"

शेतकी खात्याने लागण-खोडव्याचे बोलावे, घराच्या छपराचे कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा माल कारखान्यात आपल्या रोजच्या वापरातला आहे. बॉयलरपासून निघालेल्या वाफेच्या पाइपांवर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळलेला आपण पाहिला असेल. त्याच्या आत लोकर असते. वाफेची उष्णता बाहेर सांडू नये, बगॅस वाया जाऊ नये, म्हणून हे लॅगिंग. घराला करावयाचे ते याच्या उलट, बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही. तत्त्व एकच.

आधी नावाचा घोळ मिटवू. दुकानात नुसते "फायबर द्या" म्हटले तर उजेडासाठी लावतात तो फायबरचा पन्हाळी पत्रा हातात पडतो. तो उष्णता अडवत नाही, उलट ऊन आत सोडतो. आपल्याला हवी ती ग्लासवूल, काचेची लोकर. काच वितळवून तिचे केसासारखे बारीक तंतू काढतात व त्यांची गादी करतात. तंतूंच्या मध्ये हवा कोंडून राहते आणि उष्णता अडते ती त्या हवेमुळे. आपल्या वाकळेसारखेच आहे हे. वाकळ जाड असेल तर ऊब, दाबून बसली की ऊब कमी आणि भिजली की काहीच नाही.

आता हिशेब. छपराच्या एका चौरस मीटरमधून, दोन बाजूंत एक अंश फरक असताना किती वॅट उष्णता आत येते, यावरून छप्पर जोखतात. उघड्या पत्र्याचा हा आकडा सुमारे ५ येतो. त्याखाली २५ मिलिमीटर ग्लासवूल लावली तर १.१ च्या आसपास, ५० मिलिमीटर लावली तर ०.६. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ साली घरांसाठी इको निवास संहिता काढली, तीत छपराची मर्यादा १.२ आहे. म्हणजे २५ मिलिमीटरची गादी काठावर पास.

दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. उन्हाने तापलेली बाहेरची बाजू आणि खोली यांत २८ अंशांचा फरक धरला, तर उघड्या पत्र्यातून सुमारे दीड हजार वॅट उष्णता आत येते. डोक्यावर दीड हजार वॅटची विजेची शेगडी पेटवून झोपावे तसा हा प्रकार. ५० मिलिमीटर लोकर घातली की हीच उष्णता दोनशे वॅटच्या आत येते. आमचे मत स्पष्ट आहे, घालायची तर ५० घाला. २५ ची बसवणावळ तेवढीच पडते.

जाडीबरोबर घनता विचारावी. घनमीटरला २४ किंवा ३२ किलो घरच्या छपराला ठीक. फार हलकी गादी काही वर्षांत बसते. पाकिटावर आयएस ८१८३ आहे का ते पाहावे, आणि जाडी व घनता दोन्ही पावतीवर लिहून घ्यावी. तोंडी "भारी माल आहे" याला अर्थ नाही. एका बाजूला ॲल्युमिनियमची चंदेरी फॉइल चिकटवलेली गादी मिळते, तीच घ्यावी.

तुर्भे खाडीकाठचे आणि पाऊस आपल्या दुप्पट-तिप्पट. तिथे लोकरीचा खरा शत्रू पाणी. पत्र्याच्या स्क्रूचे रबर फाटलेले, पन्हाळाचा जोड गळका, अशा छपराखाली लोकर लावली तर पहिल्याच आषाढात ती भिजते, लोंबते, पत्रा आतून गंजवते. म्हणून आधी गळती काढावी, ते काम पावसाळ्यापूर्वी. रात्री पत्रा गार झाला की खोलीतली दमट हवा त्याला लागून आतून घाम येतो. तो लोकरीत जाऊ नये म्हणून फॉइलची बाजू खोलीकडे ठेवावी व जोड फॉइलच्याच टेपने बंद करावेत. गादी कोंबडजाळीवर किंवा तारांवर पेलावी, अँगल आणि पत्रा यांच्यामध्ये चेपू नये. तिच्याखाली इंचभर तरी मोकळी जागा सोडून मग सिलिंग मारावे. फॉइल कशाला चिकटली की तिचा चकाकीचा गुण गेला. लोकर उघडी तर ठेवूच नये.

लावताना अंग खाजते, डोळे चुरचुरतात. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. हिच्याने कर्करोग होतो अशी भीती पुष्कळांना आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००१ साली पुरावा तपासून ग्लासवूलला तसा ठपका ठेवता येत नाही, असे ठरविले. खरा धोका जुन्या सिमेंटच्या पत्र्यात आहे, त्यात ॲस्बेस्टॉस असते. तो पत्रा लोकर बसविण्यासाठी भोके पाडून, कापून धुरळा उडवू नका.

काहीजण विचारतात, पाचट का नको, फुकटचे तर आहे. पाचटाच्या छपराखाली गारवा असतो हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत लुइझियानामध्ये बगॅस दाबून सेलोटेक्स नावाचे तक्ते करीत आणि ते घरांना लावीत, म्हणजे कल्पना काही खुळी नाही. पण दाटीच्या वस्तीत, वायरींच्या जंजाळात, कोरडे पाचट डोक्यावर ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण, शिवाय उंदीर. पाचट शेतातच कुजवा. लॅगिंगची जुनी काढलेली लोकरही भंगारातून नेऊ नका. ती चेपलेली व तेलकट असते.

वरून स्लॅब असेल तर गच्चीवर ग्लासवूल चालत नाही, पायाने दबते, पाण्याने भिजते. तिथे पांढरा उष्णतारोधक रंग किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविणे बरे. पत्र्यालाही आधी चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात देऊन पाहावा. थोडक्या खर्चात फरक पडतो, फक्त चुना पावसात धुऊन जातो. भाड्याची खोली असेल तर आम्ही एवढ्यावरच थांबा म्हणू. सिलिंग काही उचलून नेता येत नाही.

एक गोष्ट मात्र विक्रेता सांगणार नाही. उघडा पत्रा दिवस बुडाला की भराभर निवतो. लोकर लावल्यावर खोलीतली चुलीची, माणसांची ऊब वरून निघून जात नाही. तेव्हा वरच्या अंगाला झडप किंवा एक्झॉस्ट पंखा हवाच, नाहीतर दुपारी झोपणाऱ्याला सुख आणि रात्री झोपणाऱ्या बायकामुलांना घाम, असे होईल.

ज्यांना लावायचे आहे त्यांनी छपराची लांबी-रुंदी फुटांत, पत्रा लोखंडी की सिमेंटचा, आणि कुठे गळते, एवढे कागदावर लिहून गट ऑफिसला आणावे. किती गादी लागेल याचा हिशेब काढून देऊ. गुरुवारी आम्ही तिथेच असतो.