तान्ह्या बाळासह तळ्याकाठी
वांद्रे स्थानकाच्या पश्चिमेस स्वामी विवेकानंद मार्गालगत असलेला आणि आता स्वामी विवेकानंद सरोवर या नावाने ओळखला जाणारा वांद्रे तलाव नवपाड्यातील एका धनिक कोकणी मुसलमानाने बांधविला, असे सांगितले जाते. रहदारीला खेटून असल्यामुळे तेथे तासाभराचा फेरफटका होतो, विसावा मात्र मिळत नाही. म्हणून वांद्र्यातील कुटुंबे सुट्टीच्या दिवशी पवईकडे वळतात. १८९० च्या सुमारास पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या पवई तलावाचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले आणि तलाव पुढे मुख्यतः विरंगुळ्याचे ठिकाण बनला.

बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, हा प्रघात सहल लांबणीवर टाकतो, आणि त्यात काही वावगे नाही. त्यानंतर मात्र बाळाचे वेळापत्रक हेच सहलीचे वेळापत्रक मानावे लागते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला केवळ स्तनपान, म्हणजे वरचे पाणीही न देता फक्त आईचे दूध, पुरेसे असल्याने उकळलेल्या पाण्याच्या बाटल्यांचे ओझे वाचते. आजीने पिशवीत कोंबलेली जादा दुपटी मात्र हमखास कामी येतात. मुंबईच्या दमट हवेत कुंची व लोकरी मोजे यांपेक्षा सुती झबले बरे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा, तर हिवतापाचा अ‍ॅनोफिलिस सूर्यास्तानंतर चावत असल्यामुळे निजलेल्या बाळावर मच्छरदाणी सतत हवी. पवईच्या पाण्यात मगरींचा वावर आहे. त्यामुळे चटई काठापासून दूर, सावलीतच अंथरावी.