जानुशूल : तेलाच्या बाटलीपूर्वी निदान

'गुडघा दुखतो' एवढे शब्द कानी पडताच महानारायण तेलाची बाटली व योगराज गुग्गुळाची डबी पुढे करण्याचा प्रघात आपल्या व्यवसायात इतका रूढ झाला आहे की, हा केवळ प्रघात आहे याचेही विस्मरण व्हावे. यात द्रव्यांचा दोष नाही. योग्य रुग्णात ती उत्तम कार्य करतात. परंतु जानुशूल हे लक्षण आहे, व्याधी नव्हे. ज्या स्नेह-स्वेदाने संधिगतवाताचा रुग्ण सुखावतो, त्याच उपक्रमाने आमवाताचा रुग्ण अधिक जखडतो आणि ताज्या आघाताचा गुडघा अधिकच सुजतो. म्हणून हा भेद रुग्णशय्येशी कसा करावा, याचा ऊहापोह येथे करीत आहोत.

आघातज जानुशूल

सुश्रुताचार्यांनी जानुसंधीची गणना कोरसंधीत केली असून, जानुमर्म हे वैकल्यकर मर्म सांगितले आहे. त्यावरील आघाताचे फळ म्हणजे खंजता. आजच्या क्रीडावैद्यकात पूर्ववर्ती क्रुशिएट अस्थिबंध तुटलेला तरुण खेळाडू पाहिला की या वर्णनाची यथार्थता पटते.

अशा रुग्णात हस्तपरीक्षेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व प्रश्नपरीक्षेला आहे. कबड्डी खेळताना पाऊल जमिनीवर रोवलेले राहिले, शरीर वळले, 'कट्' असा आवाज झाला आणि दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला, असा वृत्तांत असेल तर संधीत रक्तसंचय झाला असे समजावे व क्रुशिएट अस्थिबंधाचा संशय प्रथम घ्यावा. सूज दुसऱ्या दिवशी आली, संधिरेषेवर नेमके बोट ठेवता येते आणि गुडघा मध्येच अडकून सरळ होत नाही, तर मेनिस्कस फाटल्याची शक्यता अधिक. दुचाकीच्या अपघातात वाकलेल्या गुडघ्याखाली नळीवर समोरून मार बसला असल्यास पश्चवर्ती अस्थिबंध तपासलाच पाहिजे.

लॅकमन परीक्षा प्रत्येक वैद्याने हातात बसवून घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. गुडघा 20 ते 30 अंश वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरावी व दुसऱ्या हाताने नळी पुढे ओढून पाहावी. निरोगी बाजूशी तुलना केल्याविना निष्कर्ष काढू नये. मॅकमरे परीक्षेचा मात्र ताज्या, दुखऱ्या गुडघ्यात अट्टाहास नको. रुग्णास पीडा होते आणि हाती काही लागत नाही.

क्ष-किरण कोणास सांगावा, यासाठी ओटावा नियम सोपे आहेत. वय 55 वा अधिक, केवळ वाटीवर स्पर्शासहत्व, नळीच्या बाहेरील लहान हाडाच्या शिरावर स्पर्शासहत्व, गुडघा 90 अंश न वाकणे, किंवा चार पावलेही भार देऊन चालता न येणे, यांपैकी एक जरी आढळले तरी क्ष-किरण चित्र घ्यावे. अस्थिबंध व मेनिस्कस त्यात दिसत नाहीत, तेव्हा 'चित्र चांगले आहे' म्हणून रुग्णास निश्चिंत करणे धोक्याचे.

चिकित्सेबाबत एक मुद्दा विस्ताराने मांडणे आवश्यक वाटते. मार लागला की गरम तेलाने चोळावे, ही लोकरूढी आहे, शास्त्र नव्हे. सुश्रुतसंहितेच्या भग्नचिकित्सिताध्यायात न्यग्रोधादि कषायाचा परिषेक शीत असावा असे स्पष्ट सांगितले आहे. बंधन शिथिल असल्यास संधी स्थिर राहत नाही व अतिगाढ असल्यास शोथ, वेदना आणि पाक होतो, हा इशाराही तेथेच आहे. शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बंधन बदलावे, इतका बारकावा आचार्यांनी पाहिला. अर्थात प्रथम दोन-तीन दिवस मर्दन व स्वेदन वर्ज्य करावे. विश्रांती, शीत परिषेक, पाय उंच ठेवणे व साधारण बंधन एवढेच पुरे. त्वचा अखंड असल्यास आंबेहळद व रक्तबोळाचा थंड लेप आम्ही योजतो. शोथ ओसरल्यावर लाक्षादि गुग्गुळ, मृदू अभ्यंग व मांडीच्या पेशींचा क्रमशः व्यायाम. अडकलेला गुडघा, वारंवार दगा देणारा गुडघा व पायाची नाडी क्षीण लागणे ही तिन्ही अस्थिशल्यविशारदाकडे पाठविण्याची कारणे होत. शेवटच्या कारणात तर एक तासाचाही विलंब नको.

आघाताविना येणारा शूल

संधिगतवाताचा रुग्ण बहुधा पन्नाशीच्या पुढचा. सकाळची जखडण अर्ध्या तासाच्या आत सुटते, जिना उतरताना व उकिडवे बसून उठताना शूल होतो, हाताखाली खरखर लागते. शोथाच्या स्पर्शास चरकाचार्यांनी वायूने भरलेल्या कातडी पिशवीची उपमा दिली आहे. येथे जानुबस्ती निःशंकपणे द्यावी. हा शब्द संहितांत नाही, बाह्य स्नेहनाच्या तत्त्वावर तो उपक्रम पुढे रूढ झाला, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

आमवातात जखडण तासापेक्षा अधिक टिकते, हातांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी धरतात, जोडीला अग्निमांद्य, अंगगौरव व ज्वर. येथे तेल नको. लंघन, वालुकास्वेद, दीपन-पाचन व शुंठीक्वाथासह एरंडस्नेह हा क्रम. आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी तपासून घ्यावे. रुग्ण मेथोट्रेक्सेट घेत असल्यास ते आपल्या शब्दावर एकाएकी बंद करू नये. नियंत्रणात असलेला व्याधी उसळतो व सांधे कायमचे वाकडे होतात.

रात्री अकस्मात उठणारा दाहयुक्त शूल, पूर्वी अंगठ्याचा सांधा धरल्याचा इतिहास, यावरून वातरक्त ओळखावे. वेगाच्या काळात रक्तातील युरिक ॲसिड प्राकृत असू शकते, एवढे ध्यानी असू द्यावे. 2006 च्या चिकनगुनियाच्या साथीनंतर महाराष्ट्रात महिनोन्महिने सांधे धरलेले रुग्ण पुष्कळांनी पाहिले. आजही ज्वरानंतरच्या संधिशूलात तो प्रश्न विचारावाच.

सर्वात मोठा घात होतो तो क्रोष्टुकशीर्षाच्या नावाखाली. कोल्ह्याच्या डोक्यासारखा सुजलेला, उष्ण, एकच गुडघा आणि सोबत ज्वर असेल तर जलौका लावण्यापूर्वी सपूय संधिशोथ वगळलाच पाहिजे. त्यात कूर्चा काही दिवसांत नष्ट होते. रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. मंद गतीने सुजणारा एकच गुडघा, सायंकाळचा ज्वर व कृश झालेली मांडी दिसली तर क्षयाचा विचार करावा. लहान मूल गुडघा दाखवीत लंगडत असेल तर खुब्याचा सांधा अवश्य तपासावा; व्याधी तेथे असून वेदना गुडघ्यात सांगितली जाते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

पुण्यातील संधिवातविशेषज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांची गुडघ्याच्या संधिझिजेवरील चाचणी 2013 साली प्रसिद्ध झाली. 440 रुग्णांवर 24 आठवडे चाललेल्या या चाचणीत शुंठी, गुडूची आदींचे योग सेलेकॉक्सिब व ग्लुकोसामीन यांच्या तोडीचे ठरले. याचा उल्लेख आपण अभिमानाने करतो; परंतु आयुर्वेदीय योग घेणाऱ्या काही रुग्णांत एसजीपीटी वाढल्याची नोंदही त्यातच आहे, तिचा उल्लेख सहसा होत नाही. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या ग्राहकास यकृताची तपासणी सुचविणे, हे विक्रेत्याचेही काम आम्ही मानतो.

लेबल नसलेल्या 'गुडघेदुखीच्या पुड्या' फळीवर येऊ देऊ नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार पुनःपुन्हा उघडकीस आले आहेत. दोन दिवसांत चमत्कारिक आराम, नंतर चेहऱ्यावर गोलवा व वाढलेली साखर, हे चित्र ओळखावे. अशा ग्राहकास पुडी तडकाफडकी बंद करावयास न सांगता तीसह वैद्याकडे पाठवावे, कारण एकाएकी खंड पडल्यास स्टिरॉइडची सवय झालेले शरीर कोसळते. आणि जो ग्राहक तेल मागतो, त्यास तीन प्रश्न विचारावेत : मार लागला आहे काय, ताप आहे काय, गुडघा गरम लागतो काय? एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास त्या दिवशी तेल देऊ नये, वैद्याची चिठ्ठी मागावी.