नगराचे चिटणीस-दप्तर

नगरशासनाच्या अभ्यासात महापौर, आयुक्त आणि स्थायी समिती यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु ज्या कार्यालयातून सभेची नोटीस निघते, जेथे इतिवृत्त लिहिले जाते आणि ठरावाची प्रमाणित प्रत जेथून मिळते, त्या कार्यालयाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. इंग्लंडात या कार्यालयाच्या प्रमुखास टाउन क्लार्क म्हणत, अमेरिकेत सिटी क्लार्क म्हणतात. मुंबईत तो महानगरपालिका चिटणीस होय, तर पुण्यात नगरसचिव. ‘क्लार्क’ या शब्दाने मराठी वाचकाची थोडी फसगत होते, कारण आपल्याकडे त्या शब्दाला कारकुनाचा वास आहे. ‘चिटणीस’ हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो. चिठी आणि फार्सी ‘नवीस’ यांपासून तो झाला असून लिहिणारा हा त्याचा अर्थ. शिवकालात बाळाजी आवजी यांच्याकडे जे काम होते, ते राजाचा शब्द कागदावर आणण्याचे. कागद झाल्यावाचून त्या शब्दास दूरच्या किल्ल्यावर वा परगण्यात अंमल नव्हता.

मात्र राजाच्या आणि नगराच्या चिटणीसांत एक मूलभूत भेद आहे. राजा ही व्यक्ती आहे. तिला स्मरण असते, विचारल्यास ती आपल्या आज्ञेचा खुलासा करू शकते. सभेला यांपैकी काहीच नाही. सभासद बदलतात, मुदत संपते, काल ज्यांनी हात वर केले ते उद्या निवडून येतातच असे नाही. सभा काय बोलली हे ठरविण्यास लिहिलेल्या ठरावावाचून दुसरे साधन नसते. म्हणून चिटणीसाचे दप्तर हे सभेच्या कामकाजाचे केवळ साधन नव्हे. सभेचे कायदेशीर अस्तित्वच त्यावर टेकलेले आहे. हे दप्तर कोणाच्या ताब्यात असावे, अंमल करणाऱ्याच्या की ठराव करणाऱ्याच्या, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

लंडन शहराच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण सापडते. १४१७ ते १४३८ या काळात जॉन कार्पेंटर हे तेथील कॉमन क्लार्क होते. नगराच्या चालीरीती, हक्क, कर आणि अधिकाऱ्यांची कर्तव्ये यांचा ‘लिबर आल्बस’ नावाचा लॅटिन संग्रह १४१९ मध्ये त्यांनी सिद्ध केला. प्रस्तावनेत त्याचे कारण दिले आहे ते असे की, महामारीने नगरातील वृद्ध व जाणते कारभारी एकदमच नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी आलेल्या तरुणांना लेखी आधाराच्या अभावी निर्णय करताना घोटाळा पडतो. नगराचे ज्ञान माणसांच्या डोक्यात राहू नये, पुस्तकात राहावे, हा त्यातील विचार. १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स अ‍ॅक्टाने प्रत्येक बरो-सभेवर टाउन क्लार्क नेमण्याचे बंधन घातले. पुढे हे पद बहुधा सॉलिसिटरकडे जाऊ लागले आणि सभेचा लेखनिक हाच सर्व खात्यांचा मेळ घालणारा मुख्य अधिकारी बनला. १९७२ चा स्थानिक शासन कायदा १९७४ मध्ये अमलात आला, तेव्हा ते बंधन गेले व बहुतेक ठिकाणी टाउन क्लार्कची जागा चीफ एक्झिक्युटिव्ह या अधिकाऱ्याने घेतली. इंग्लंडात चिटणीस अशा रीतीने कारभाऱ्यात विलीन झाला.

अमेरिकेत प्रवाह निराळा वाहिला. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद ठेवण्याचा नियम केला. ही नोंद चर्चकडे नव्हे, नागरी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. वारसा, जमीन आणि कुटुंबसंबंध यांचा पुरावा जपणे हा तिचा हेतू. त्या राज्यात अद्यापही जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंदवही गावच्या वा शहराच्या क्लार्ककडे असते. बोस्टनच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला मुलाच्या जन्मदाखल्यासाठी ज्या खिडकीवर जावे लागते, त्याच कार्यालयात कुत्र्याचा परवाना मिळतो, दुकानाच्या नावाची नोंद होते, निवडणुकीतील उमेदवार आपल्या खर्चाचे हिशेब सादर करतात आणि नगराच्या प्रत्येक समितीस आपल्या सभेची सूचना सभेच्या अठ्ठेचाळीस तास आधी दाखल करावी लागते. या तासांत शनिवार, रविवार व सुटीचे दिवस मोजले जात नाहीत. वरवर पाहता ही कामांची गोधडी आहे. परंतु सर्वांत एक धागा समान आहे. यांपैकी कोणत्याही बाबतीत क्लार्क कोणाच्या हिताहिताचा निर्णय करीत नाही. घडलेली गोष्ट घडली म्हणून लिहितो व मागणाऱ्यास दाखवितो.

न्यूयॉर्कच्या सिटी क्लार्कच्या ठायी ही दोन्ही अंगे एकत्र दिसतात. तो सभेने सहा वर्षांसाठी नेमलेला अधिकारी असून सभेचाही क्लार्क असतो. नगराची मोहोर त्याच्या ताब्यात असते. नगरशासनाकडे वशिला लावण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी आपली नावे त्याच्याकडे नोंदवावयाची असतात. सामान्य माणूस मात्र त्याला विवाहाच्या परवान्यामुळे ओळखतो. परवाना मिळाल्यापासून चोवीस तास थांबावे लागते व साठ दिवसांच्या आत विवाह व्हावा लागतो. जन्ममृत्यूची नोंद तेथे त्याच्याकडे नसून आरोग्य खात्याकडे आहे, हे येथेच नमूद केले पाहिजे.

क्लार्कच्या लेखणीला स्वतःची इच्छा नसते, या तत्त्वाची परीक्षा अलीकडे झाली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला. केंटकी राज्यातील एका काउंटी क्लार्कने धर्मश्रद्धेचे कारण देऊन परवाने देण्याचे नाकारले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्या क्लार्कला काही दिवस कारावास भोगावा लागला. त्या श्रद्धेविषयी कोणाचे काहीही मत असो, पात्र अर्जदाराला परवाना देणे हे क्लार्कचे बंधनकारक कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

मुंबईची घडण या दोहोंहून भिन्न असून तिचे कारण शहराच्या घटनेत आहे. १८६५ च्या कायद्याने कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हाती एकवटली. आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकीर्दीत शहरात मोठी कामे झाली, पण खर्चावर लगाम राहिला नाही. त्यावरील ओरडीतून १८७२ चा कायदा आला व चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन स्थापन झाली. १८८८ च्या अधिनियमाने, ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता, बहात्तर सभासदांची सभा, तिची स्थायी समिती आणि सरकारनियुक्त आयुक्त अशी रचना पक्की केली. सभेने ठरवावे, आयुक्ताने करावे. ठरविणारा व करणारा असे वेगळे झाल्यावर त्यांच्यामधील कागदाचा मार्ग तिसऱ्याच हाती असणे भाग होते. आयुक्ताचा प्रस्ताव चिटणीसाकडे येतो, चिटणीस तो विषय म्हणून समितीपुढे वा सभेपुढे ठेवतो आणि झालेला ठराव आयुक्ताकडे परत जातो. सभासदाने मांडलेली ठरावाची सूचना संमत झाल्यास तीही याच वाटेने आयुक्ताकडे अभिप्रायासाठी जाते. १९४९ च्या अधिनियमाने हीच रचना मुंबईबाहेरील शहरांना लागू केली. महापालिकेने नेमावयाच्या प्रमुख अधिकाऱ्यांत त्यात नगर अभियंता व आरोग्याधिकारी यांच्याबरोबर मुख्य लेखापरीक्षक व चिटणीस यांची गणना आहे. शेवटची ही जोडी अर्थपूर्ण आहे: पैशाचा हिशेब तपासणारा आणि शब्दाचा हिशेब ठेवणारा, हे दोघेही सभेचे.

चिटणीसाचे काम सभेच्या पुष्कळ आधी सुरू होते. साधारण सभेस सात पूर्ण दिवसांची नोटीस लागते. ‘पूर्ण’ या शब्दावर येथे सर्व भार आहे, कारण नोटीस काढल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही वगळावयाचे असतात. सोमवारी निघालेल्या नोटिशीवर पुढच्या आठवड्याच्या मंगळवारपूर्वी सभा भरू शकत नाही. निकडीच्या प्रसंगी स्थायी समितीच्या किमान चार सभासदांनी लेखी मागणी केल्यास तीन पूर्ण दिवसांची नोटीस पुरते. परंतु वार्षिक अंदाजपत्रकाचा विचार अशा घाईने करता येत नाही. नगराच्या पैशाविषयी सभासदांना वाचावयास वेळ मिळालाच पाहिजे, हा त्या अपवादाचा अर्थ. नोटिशीतील एका दिवसाच्या चुकीने कोट्यवधींचा ठराव वादात सापडू शकतो, ही गोष्ट नव्या सभासदांस बहुधा उशिराच उमगते.

सभा झाल्यावर उपस्थितांची नावे व झालेले कामकाज पुस्तकात लिहावयाचे, आणि पुढील सभेत अध्यक्षस्थानी असलेल्या व्यक्तीने त्यावर सही करावयाची. सही झालेल्या इतिवृत्ताला कायद्याने असाधारण बळ दिले आहे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती सभा रीतसर बोलाविलेली होती, रीतसर भरली होती व सभासद पात्र होते, असे गृहीत धरले जाते. सभेच्या वैधतेवर आक्षेप घेणाऱ्याला आधी या वहीशी झुंजावे लागते. म्हणूनच भाषणे, टाळ्या, घोषणा, सभात्याग यांपेक्षा मूळ सूचना, उपसूचना, मतांची संख्या आणि ठरावाचा नेमका शब्द यांना इतिवृत्तात मान असतो. वर्तमानपत्राच्या वाचकाला ते नीरस वाटते, वकिलाला नाही. ही वही सभासदास विनामूल्य व इतर कोणासही अल्प शुल्क देऊन पाहता यावी, अशी तरतूद विधिमंडळाने मुळातच केली होती. माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. नगराच्या वहीपुरता तो त्याच्या कितीतरी आधीपासून कागदावर होता, वापर मात्र फारच थोड्यांनी केला.

या दप्तराने मराठीला काही शब्दप्रयोगही दिले आहेत. एखादा प्रस्ताव समितीला नको असेल तर तो ‘दप्तरी दाखल’ करण्यात येतो. शब्दशः पाहता हा त्या कागदाचा सन्मान आहे. प्रत्यक्षात ते त्याचे दफन होय. ‘फेरविचारार्थ परत’ हा त्याहून सौम्य प्रकार, ज्यात आयुक्ताला सुधारलेला मजकूर पुन्हा पाठविता येतो. नकाराच्या या दोन छटांतील फरक ज्याला वाचता येत नाही, त्याला स्थायी समितीच्या कामकाजाचा अभ्यास करता येणार नाही.

मुंबईकर मात्र चिटणीसाच्या कार्यालयाची पायरी सहसा चढत नाही, कारण त्याला लागणाऱ्या नोंदी तेथे नाहीत. जन्म व मृत्यू यांची नोंद आरोग्य खात्याकडे आहे आणि विवाहनोंदणीही विभागीय कार्यालयांतून त्याच खात्यामार्फत होते. मॅसॅच्युसेट्समध्ये नोंदवही मालमत्तेच्या पुराव्यासाठी उघडली गेली. आपल्याकडील मोठ्या शहरांत मृत्यूची नोंद ही प्रथम आरोग्याधिकाऱ्याची गरज होती. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग प्रकटला, तेव्हा मृत्यूचा वाढता आकडा हीच साथीची वर्दी होती. वहीचा उगम असा वैद्यकीय असला तरी आज तिचे वजन सर्वस्वी कायदेशीर आहे. १९६९ च्या अधिनियमाप्रमाणे जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावी लागते. नाव ठरले नसले तरी नोंद होते; ते बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क व पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क देऊन घालता येते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यापुढे जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी इत्यादींसाठी जन्मतारीख व जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. नोंद वर्षाहून अधिक लांबली तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची खबर रुग्णालय देते. बांधकामाच्या जागी वा झोपडीत जन्मलेल्याची खबर घरच्यांनी द्यावयाची असते आणि चुकते ती बहुधा तीच. नोंदवहीच्या बाबतीत अमेरिकन क्लार्कच्या खिडकीची सुगमता आपल्या रचनेत आली नाही, असे म्हणणे भाग आहे; एकाच शहरातील दोन दप्तरे परस्परांना अनोळखी राहिली.

याउलट, सभेच्या दप्तराचे अंमलदारापासून वेगळेपण हा मुंबईच्या रचनेचा मोठा गुण होता, आणि त्याचीच कसोटी अलीकडे लागली. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली. निवडणूक वेळेवर झाली नाही आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. सभा व समित्या यांचे अधिकार त्यांच्याकडे गेले व ही स्थिती कित्येक वर्षे चालली. राज्यातील इतर अनेक महापालिकांतही हेच घडले. प्रस्ताव मांडणारा आणि तो संमत करणारा एकच झाल्यावर मधला मार्ग उरतो तो नावापुरता. ठराव होतात, अंदाजपत्रके संमत होतात, कागद तयार होतो. परंतु त्यात उपसूचना नाही, मतविभागणी नाही, ‘फेरविचारार्थ परत’ नाही. कारण परत पाठविणारा कोणी नाही.

त्या वर्षांतील एखाद्या रस्त्याच्या वा प्रकल्पाच्या निर्णयाचा शोध उद्या कोणी संशोधक घेईल, तेव्हा त्याला मंजुरीची तारीख व रक्कम सापडेल. आधीच्या खंडांतून कोणत्या प्रभागाच्या सभासदाने कोणती हरकत घेतली, तिला आयुक्ताने काय उत्तर दिले व ती किती मतांनी फेटाळली गेली, हे सापडते. या वर्षांपुरते ते त्याला वर्तमानपत्रांच्या फायलींत आणि नागरिकांच्या अर्जांत शोधावे लागेल.