सहा नळ्यांचा हिशेब

हिंजवडीच्या चौकात सकाळी साडेनऊला गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे त्या रस्त्यानं एकदा तरी गेलेल्याला सांगावं लागणार नाही. गेल्या उन्हाळ्यात तिथं पाण्याचा एक टँकर असाच अडकला होता. मागं कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग, हॉर्नचा कल्ला, आणि बॉनेटमध्ये डोकं घालून माझ्याच वयाचा एक गृहस्थ हातपंप दाबत होता. त्यानं मान वर केली आणि मी रिक्षातून उतरलोच. माणूस ओळखीचा होता, गाडीही ओळखीची होती. १९८८ साली त्या गाडीच्या कर्जाच्या कागदांवर शाखेतला अधिकारी म्हणून माझी सही होती.

टाटाची १२१० ती. तेव्हा हौद्यात विटा असत, आता हौद्याच्या जागी टाकी आहे. ‘‘थंड असली की पयल्या झटक्यात उठती साहेब,’’ दादा म्हणाले. ‘‘तापली की रुसती.’’

‘‘म्हणजे पंप गेला?’’

‘‘पंपाचं नाव एकदम घेऊ नये. आधी फिल्टर बघायचा, पाइपातनं हवा ओढती का बघायचं. लोक घाबरून पंप उतरवत्यात आन् निघतं दोन रुपयाचं वायसर.’’

संध्याकाळपर्यंत फिल्टर बदलून झाला, नळ्या तपासून झाल्या. दुखणं पंपाचंच निघालं.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात नसते. तिथं हवा इतकी दाबली जाते की ती दाबानंच तापते, आणि नेमक्या क्षणी तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. सगळी मेख त्या ‘नेमक्या क्षणी’मध्ये आहे. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथं १८९७ साली यशस्वी झालं खरं, पण त्यात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागे आणि त्यासाठी एक अवजड यंत्र शेजारी बसवावं लागे. असं धूड कारखान्यात चालेल, रस्त्यावर कसं चालणार? रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीनं १९२७ साली इंधनपंपाचं नियमित उत्पादन सुरू केलं आणि डिझेलचा ट्रक खऱ्या अर्थानं शक्य झाला. आपल्याकडे ‘मायको’ १९५१ साली बंगलोरला सुरू झाली, आणि १९५४ साली टेल्कोनं डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले.

दादांच्या गाडीच्या पंपात सहा सिलिंडरांसाठी सहा दट्टे आहेत. गॅरेजवाले दट्टा आणि त्याची नळी मिळून ‘एलिमेंट’ म्हणतात. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक दट्टा मिनिटाला हजार वेळा वरखाली होतो, आणि दर खेपेला जेमतेम थेंब-दोन थेंब डिझेल पुढं ढकलतो. तेही स्कूटरच्या चाकातल्या हवेच्या शंभरपट दाबानं. हा दाब टिकतो, कारण दट्टा आणि नळी यांच्यात फट असते ती दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. ही जोडी एकमेकींत घासून बसवलेली असते. एकीचा दट्टा दुसरीच्या नळीत चालत नाही.

या फटीत वंगण म्हणून वेगळं तेल नसतं. डिझेलच तिथं वंगणाचं काम करतं. म्हणून भेसळ पंपाच्या जिवावर उठते. रेशनच्या निळ्या रॉकेलची डिझेलमधली भेसळ हा वर्षानुवर्षं या राज्यातला उघड धंदा होता. त्याला हात घालणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आलं, हे आपण विसरता कामा नये. रॉकेल पातळ, त्यानं दट्टे कोरडे घासतात, फट वाढते. मग गाडी तापली की आणखी पातळ झालेलं इंधन त्या फटीतून मागं गळतं आणि इंजिन उठत नाही. दादांच्या गाडीचं ‘रुसणं’ ते हेच.

हे सगळं मला आता कळलं. १९९५ साली कळायला हवं होतं. तेव्हा दादा शाखेत आले होते. पंपाचे सहाही एलिमेंट आणि नोझल बदलायचे, तेवढ्यापुरतं कर्ज वाढवून द्या, म्हणत होते. खात्यात दोन हप्ते थकले होते. मी फाइलवर लिहिलं, ‘आधी थकबाकी भरावी.’ नियमाला धरूनच लिहिलं. दादांनी मग रस्त्याकडेच्या एका मिस्तरीकडून पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवून घेतला. डिझेल जास्त जाऊ लागलं, गाडी काळा धूर ओकत चढ चढू लागली. चार महिन्यांनी एक पिस्टन वितळला, इंजिन बसलं. ते उभं करायला त्यांनी पंधरा गुंठे विकले. पुढं आयटी पार्क आलं आणि हिंजवडीतल्या गुंठ्याला काय भाव आला, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

या वेळी पंप घेऊन आम्ही दोघं पिंपरीकडच्या एका पंपवाल्याकडे गेलो. त्यानं तो टेस्ट बेंचवर चढवला. समोर काचेच्या सहा नळ्या, प्रत्येक दट्ट्याचं डिझेल वेगळ्या नळीत. मशीन थांबलं तेव्हा एक नळी भरत आली होती, दोन मध्यावर होत्या, तीन त्याहून खाली. तो म्हणाला, ‘‘स्क्रू फिरवला की सगळ्यांचं वाढतं. पण जो दट्टा धड आहे त्याचं सगळ्यात जास्त. त्याचाच पिस्टन जळतो.’’ मी त्या नळ्यांकडे बघत राहिलो. बँकेत आम्ही बेरीज बघत होतो. बेरीज तर बरोबरच आली असती.

दादांच्या मुलाचं म्हणणं, भंगारात काढा. तेही चूक नाही. गाडी जुनी, फिटनेस दर वर्षी, आणि २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची फीही वाढलेली. नव्या गाडीचा कॉमन रेल पंप हिला बसवावा, तर त्याला संगणक, सेन्सर, वेगळे इंजेक्टर, जवळजवळ वेगळं इंजिनच लागतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करताही येत नाही. भंगारातला पंप स्वस्त, पण त्याच्या सहा नळ्या कुणी पाहिल्यात? उरला एकच मार्ग: सहाही एलिमेंट नवे, नोझल नवे, बेंचवर सहाही नळ्या सारख्या, आणि वर सील. धुराची मर्यादा जुन्या गाड्यांना ६५ एककांची आहे. ती पाळली जाईल एवढंच डिझेल.

‘‘थोडा जोर वाढवून द्या की,’’ मुलगा म्हणाला. पंपवाला काही बोलायच्या आत दादाच म्हणाले, ‘‘नको. एकदा वाढवला व्हता.’’

खर्चाचा आकडा ऐकून दादा गप्प झाले. मी म्हटलं, ‘‘मी देतो. व्याज नको.’’

ते माझ्याकडे बघून हसले. ‘‘साहेब, आता माझी थकबाकी काय नाय. पैसं हायेत.’’

चार दिवसांनी पाणी भरून तापलेली गाडी त्यांनी मुद्दाम बंद केली आणि पुन्हा चावी फिरवली. पहिल्या झटक्यात उठली. मग मला शेजारी बसवून ते एका सोसायटीला पाणी द्यायला निघाले. फाटकातून आत शिरताना सहज म्हणाले, ‘‘हे आपलंच रान व्हतं, पंधरा गुंठं.’’ आणि खाली उतरून पाइप जोडू लागले.