किती ग्रॅमचं शिसं?

पंचगंगेच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्याला वजनाचा फारसा विचार करावा लागत नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलेलं असतं. गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा, वर मोरपिसाच्या काडीचा तरंगता आणि मध्ये दाताने चेपून बसवलेली शिशाची बारीक गोळी, एवढ्यावर काम भागतं. त्या गोळीने आमिष खाली न्यायचं आणि तरंगता उभा ठेवायचा, बाकी तिला काही काम नाही.

हाच माणूस शनिवारी मध्यरात्री गगनबावड्याकडे गाडी काढतो, करूळ नाहीतर भुईबावडा घाट उतरतो आणि उजाडताना कुणकेश्वरच्या किंवा मिठमुंबरीच्या वाळूत उभा राहतो, तेव्हा त्याचं नदीवरचं सगळं शहाणपण पहिल्या दहा मिनिटांत संपतं. पन्नास ग्रॅमचं शिसं त्याला जड वाटत असतं. ते लाटेपलीकडे पडतं, तंगूस ताणली जाते आणि बघता बघता तिचं टोक डावीकडे सरकायला लागतं. थोड्या वेळाने शिसं, गळ आणि कोळंबीचा तुकडा तिघंही काठावरच्या फेसात, शेजाऱ्याच्या दोरीत गुंतलेले सापडतात.

कोल्हापूरला समुद्र नाही. समुद्रदेव मात्र आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात उभी आहे. ग्रीकांचा हा देव समुद्री व्यापाराच्या वाटेने घाट चढून इथवर आला असणार. आता उलट्या दिशेने, घाट उतरून जाणाऱ्या हौशी गळवाल्यांचे छोटे छोटे गट शहरात तयार झाले आहेत. पावसाळ्यानंतर समुद्र निवळला की त्यांचा मोसम सुरू होतो. रॉड, रीळ, आमिष यांवर ते तासन्‌तास बोलतात. शिशावर कोणी बोलत नाही. दुकानात मिळतं तेच घ्यायचं, अशी रीत.

खरं तर काठावरून समुद्रात गळ टाकताना सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट हीच.

हिवाळ्यातल्या अशाच एका सकाळी कुणकेश्वरच्या वाळूत तिघं उभे होते. एक शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंगचं काम करणारा, एक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा दुकानदार आणि तिसरा त्याचा कॉलेजात जाणारा भाचा. मोल्डरच्या पिशवीत स्वतः ओतलेली शिसं होती आणि प्रत्येकावर ग्रॅमचा आकडा ठोकलेला होता. त्याने आधी 80 ग्रॅमचं, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचं शिसं लावलं. फेकलं, दोरी ताणली, रॉड वाळूतल्या पाइपात उभा केला आणि शेंड्याकडे बघत राहिला. शेंडा आधी वाकला, मग थरथरला, सरळ झाला, पुन्हा वाकला. मासा लागल्यावर जसा झटका बसतो तसं हे नव्हतं. ठेका संथ होता, एकसारखा.

"मामा, लागला की!" भाचा ओरडला.

"कुठला लागतोय भावा, शिसं सरकाय लागलंय," मोल्डर म्हणाला.

त्याने दोरी गुंडाळून 110 चं लावलं. ते जरा दम धरून राहिलं आणि मग तेही निघालं. पुढच्या खेपेला त्याने वजन वाढवलं नाही. 110 चंच, पण चौकोनी तळाचं, निमुळत्या टोकाचं पिरॅमिड घेतलं. ते वाळूत कोपऱ्यावर रुतलं आणि दोरीचा ताण वाढला तशी त्याची पकडही वाढत गेली. शेंडा वाकलेला राहिला, पण जागेवर राहिला. वजन तेवढंच आणि पकड दुप्पट, हा सगळा आकाराचा फरक.

शिसं सरकतं ते पाण्याने त्याला ढकलल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. हिशेब केला तर वेगळंच दिसतं. शिशाची घनता 11.34, म्हणजे 120 ग्रॅमच्या शिशाचं आकारमान साडेदहा घनसेंटीमीटरच्या आसपास भरतं. पाण्याच्या ओढीला त्याचा चार-पाच चौरस सेंटीमीटरचा भाग सामोरा जातो. मागची दोरी मात्र शंभर मीटर पाण्यात असते. 0.40 मिलिमीटर जाडीची तंगूस असेल तर तिचा आडवा पसारा 400 चौरस सेंटीमीटर होतो. ओढ बसते ती दोरीला, आणि शिसं बिचारं तिला धरून ठेवत असतं. तीच दोरी 0.30 ची घेतली तर हा पसारा एकदम पाव भागाने कमी होतो. म्हणून शिसं टिकत नसेल तर वजन वाढवण्याआधी दोरीची जाडी बघावी. ‘मोठा मासा लागला तर’ म्हणून जाड दोरी भरणारे लोक शिशावर शिसं चढवत बसतात, आणि तो मोठा मासा बहुतेक वेळा येतच नाही.

ओढीचा जोर पाण्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की ओढ चौपट. त्यामुळे किनाऱ्यावर तिथी माहीत असणं हा छंद नव्हे, गरज आहे. कोकणात सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि तेवढ्याच वेळात जास्त धावतं. अष्टमीच्या भांगाला तेच पाणी आळसावलेलं असतं. भरतीच्या सहा तासांतही वेग एकसारखा नसतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी सरकतं. म्हणजे सकाळी पहिल्या तासात 80 ग्रॅम धरून राहिलं म्हणून दोन तासांनी ते राहीलच असं नाही. पिशवीत तीन-चार वजनं हवीत ती यासाठी.

वाऱ्याचंही तसंच. पहाटे जमिनीकडून मतलई वारा पाठीवर असतो, तेव्हा हलकं शिसंही लांब जातं. दुपारी खारा वारा तोंडावर आला की दोरीला हवेतच पोट सुटतं, फेक तोकडी पडते. अशा वेळी रुतणारं पिरॅमिड कामाचं नाही, कारण ते हवेत गडगडत जातं. लांबट, पुढे जाड आणि मागे निमुळतं शिसं वारा कापतं, पण वाळूवर घसरतं. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी इंग्लंडमधल्या काठावरच्या मच्छीमारांनी लांबट शिशाला तारांचे चार पाय बसवले. शिसं पडलं की पाय वाळूत रुततात आणि दोरी जोराने ओढली की उलटे दुमडून सुटतात. आपल्याकडे ही शिसं आता ऑनलाइन मिळतात. मोल्डरने मात्र पितळी तारेचे पाय स्वतः वाकवून घेतले होते, आणि ते बाजारातल्यापेक्षा वाईट चालत नव्हते.

वाळूचा किनारा सोडून कातळाकडे सरकलं की हे सगळे नियम उलटे होतात. तांबोशी, गोबरा असले मासे खडकाच्या कपारीला असतात आणि तिथे रुतणारं शिसं म्हणजे हरवलेलं शिसं. दुकानदाराकडे यावर उत्तर होतं: जुने नट आणि गॅरेजमधून गोळा केलेले निकामी स्पार्क प्लग. मुख्य दोरीपेक्षा बऱ्याच कच्च्या दोऱ्याने ते बांधायचे. अडकलं तर तेवढा दोरा तुटतो, प्लग जातो आणि मासा घरी येतो. लोखंड पाण्यात किती कमी पडतं? शिशाचे 120 ग्रॅम समुद्राच्या पाण्यात 109 भरतात, लोखंडी नटाचे 104. फार फरक नाही. काळ्या दगडाचे 120 मात्र 78 वर येतात, आणि त्याचा आकारही शिशाच्या चौपट. म्हणून दगड बांधून लांब फेकण्याची युक्ती बोटीवरून जमते, काठावरून नाही.

तोवर शेजारी गावातले एक काका येऊन उभे राहिले होते. हातात रॉड नाही, प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस आणि जेमतेम 30 ग्रॅमचं शिसं. मोल्डरची लांब फेक त्यांनी शांतपणे पाहिली.

"इतक्या जड कित्याक? मासो थंय नाय रे, हंय आसा."

त्यांनी गुडघाभर पाण्यात जाऊन, लाट फुटते त्याच्या अलीकडच्या खोलगट पट्ट्यात दोरी सोडली. त्यांचं शिसं सरकत होतं आणि त्यांना ते सरकायलाच हवं होतं. मुडदुशी वाळूत चरत हिंडते. हळूहळू सरकणारं आमिष तिच्यापर्यंत जातं, रुतून बसलेल्या आमिषापर्यंत तिलाच यावं लागतं. थोड्या वेळात काकांच्या पिशवीत मुडदुश्या वळवळायला लागल्या आणि भाच्याने न सांगता आपलं 110 चं शिसं काढून 40 चं लावलं. शिसं टिकलंच पाहिजे हा आग्रह शिंगटी आणि पाकटासाठी ठीक, सगळ्यांसाठी नाही.

जड शिशाची दुसरी बाजू सुरक्षिततेची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष फार होतं. प्रत्येक रॉडवर किती ग्रॅम फेकायचे ते छापलेलं असतं. 20 ते 40 ग्रॅमच्या नदीच्या रॉडला 120 लावलं तर तो फेकतानाच मोडतो. रॉड मोडला तर पैसे जातात, दोरी तुटली तर शिसं गोफणीच्या गुंड्यासारखं सुटतं, आणि रविवारी कुणकेश्वरला दर्शनाला आलेली माणसं वाळूत फिरत असतात. म्हणून पातळ दोरीच्या पुढे जाड दोरीचा तुकडा जोडतात, त्याला शॉक लीडर म्हणतात. जुना नियम असा की दर 28 ग्रॅम, म्हणजे एक औंस शिशामागे 10 पौंडांची ताकद हवी. 140 ग्रॅमला 50 पौंडांची, म्हणजे सुमारे 23 किलो भार पेलणारी. फेकताना रिळावर या जाड दोरीचे पाच-सहा वेढे राहतील एवढी ती लांब असावी.

शिसं हा धातू कोल्हापूरला नवा नाही. इथे सापडलेली कुर राजांची धनुष्यबाणाची नाणी शिशाची आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. आजच्या कोल्हापूरची ओळख बिडाच्या ओतकामाची. चौदाशे अंशांच्या आसपासचा रस रोज हाताळणाऱ्या माणसाला 327 अंशांना वितळणारं शिसं म्हणजे पोरखेळ वाटतो, आणि धोका तिथेच आहे. मोल्डर ॲल्युमिनियमचा साचा आधी तापवून घेतो, कारण साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याची वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. हे काम तो उघड्यावर करतो, घरच्या गॅसवर नाही. शिशाची धूळ आणि वाफ शरीरात साठत जाते. लहान मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याच्या भानगडीत तर कोणीच पडू नये. त्यात आम्ल असतं, शिवाय त्या अधिकृत ठिकाणीच परत देण्याचा नियम आहे.

ब्रिटनने 1987 मध्ये 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. तळ्यातले हंस बारीक गोळ्या खडे समजून गिळत आणि मरत. समुद्रकाठचं मोठं शिसं त्या बंदीत आलं नाही. डेन्मार्कने पुढे मासेमारीच्या सगळ्याच शिशाची विक्री थांबवली. बंदीचं काय व्हायचं ते होवो, पंचगंगेवर दाताने गोळी चेपायची सवय मात्र आजच सोडता येईल. त्या कामाला साधा चिमटा पुरतो.

पहिल्यांदा घाट उतरणाऱ्याने महागडं काही घेऊ नये. 40, 80 आणि 110 ग्रॅमची थेंबाच्या आकाराची शिसं, 110 आणि 140 ची पिरॅमिडं, आणि कातळासाठी मूठभर नट एवढं पुरे. रॉडवरचा आकडा 150 च्या पुढे जाणारा असावा, दोरी 0.35 पेक्षा जाड नको. फेकायचा सराव किनाऱ्यावर करू नका. ऊस तुटून गेलेल्या रानात, गळ न लावता, पुढे-मागे माणूस नाही हे बघून करा. किनाऱ्यावर पोहोचलात की आधी हलकं शिसं टाका, शेंड्याकडे पाच मिनिटं बघा आणि मगच वजन बदला. आणि तुटलेली तंगूस वाळूत टाकून येऊ नका, गुंडाळून परत आणा. ती कुजत नाही.